बंद घराला एवढं वीजबिल कसं? भरण्याआधी काय काय तपासायचं

गणपतीला नाहीतर मे महिन्यात चाकरमानी गावाला येतात, कुलूप काढतात आणि दाराच्या फटीतून आत सरकवलेली वीजबिलं पडवीत पडलेली सापडतात. शेवटच्या बिलावरचा आकडा बघितला की प्रश्न ठरलेला: "घर तर बंद होतं, मग एवढं बिल कसं?" मग कुणी वैतागून भरून टाकतं. कुणी म्हणतं, वापरलीच नाही तर भरायची कशाला, आणि बिल कपाटावर जातं. भरून टाकणाऱ्याला पुढच्या सुट्टीत तसंच बिल येतं. न भरणाऱ्याला थकबाकी आणि व्याजासकट येतं.

मालवणच्या बाजूला माझी खाणावळ आहे, शिवाय पर्यटकांसाठी दोन खोल्या आहेत. वाडीतल्या भाऊबंदांच्या बंद घरांची बिलंही माझ्याकडेच येतात. इतकी बिलं बघून एक गोष्ट पक्की कळली आहे. बिल चुकलेलं असेल तर चूक एका ठराविक रकान्यात असते. तो रकाना सापडला की ऑफिसात काम पटकन होतं. नुसतं "बिल जास्त आलंय" म्हणून गेलात तर समोरचा माणूस म्हणतो, "आधी भरा, मग बघू."

आधी मीटरपाशी जा

बिलाची रक्कम घटकाभर विसरा. बिल हातात घ्या आणि मीटरपाशी उभे राहा. पहिली गोष्ट, बिलावरचा मीटर क्रमांक आणि मीटरवर कोरलेला क्रमांक एकच आहे ना? वाटण्या झालेल्या घरांत दोन भावांची मीटरं एकाच फळीवर शेजारी शेजारी असतात. थोरल्याच्या नावावर धाकट्याचा वापर जातो आणि वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. खात्री करायची तर आपल्या घरात एक पंखा चालू ठेवा आणि कोणत्या मीटरचा लाल दिवा लुकलुकतो ते बघा. मग आपला मेन स्विच बंद करा. थांबला तो आपला मीटर.

दुसरी गोष्ट रीडिंग. डिजिटल मीटरचा पडदा एकच आकडा दाखवत नाही. तारीख, वेळ, व्होल्टेज, करंट, कमाल मागणी असं एकापाठोपाठ एक सरकत राहतं. आपल्याला हवा तो केडब्ल्यूएच (म्हणजे युनिटं) लिहिलेला आकडा. केव्हीएएच हा वेगळा आकडा असतो आणि दिसायला अगदी जवळचा, म्हणून घाईत नेमका तोच टिपला जातो. पावसाळ्यानंतर मीटरच्या काचेवर आतून दमट पापुद्रा धरलेला असतो, कोपऱ्यात गांधीलमाशीचं घर असतं आणि तीन आहे की आठ हे समजत नाही. टॉर्च लावा, फोटो काढा. फोटोत मीटर क्रमांक आणि रीडिंग दोन्ही यायला हवीत. फोनमधला हा फोटो तारखेसकट राहतो आणि पुढे पुरावा म्हणून चालतो.

आता मीटरवरचं आजचं रीडिंग बिलावरच्या चालू रीडिंगपेक्षा थोडं जास्त असायला हवं, कारण बिल आधीच्या तारखेचं आहे. ते कमी असेल तर गोष्ट तिथेच संपली. बिलावरचं रीडिंग चुकीचं आहे, बाकी काही तपासायची गरज नाही. ४५१८ चं ४५८१ झालं की ६३ युनिटं फुकटची वाढतात.

यानंतर जुनी बिलं काढा. मागच्या बिलाचं चालू रीडिंग तेच या बिलाचं मागील रीडिंग असलं पाहिजे. चालूमधून मागील वजा करून गुणक अवयवाने (रीडिंगला गुणायचा, बिलावर छापलेला आकडा) गुणलं की युनिटं आली पाहिजेत. घरगुती मीटरला गुणक अवयव १ असतो. बर्फाचा कारखाना, मोठं हॉटेल अशा ठिकाणी तो वेगळा असू शकतो, आणि तिथे चूक झाली तर बिल कित्येक पटींनी फिरतं. मधे मीटर बदललं असेल तर जुन्या मीटरचं शेवटचं रीडिंग आणि नव्याचं सुरुवातीचं रीडिंग दोन्ही कागदावर मागून घ्या. मीटर बदलायला माणूस येतो तेव्हा जुन्याचा फोटो काढून ठेवायचा, एकदा तो मीटर गेला की रीडिंग सांगायला कुणी नसतं.

सरासरी आणि स्लॅब: बंद घरांचं खरं दुखणं

बिलावर मीटर स्थिती किंवा रीडिंगच्या जागी काय छापलंय ते बघा. तिथे लॉक्ड (कुलूप), इनॅक्सेस (मीटरपर्यंत पोचता आलं नाही), आरएनए (रीडिंग मिळालं नाही) किंवा फॉल्टी (मीटर बिघडलेलं) यातलं काही असेल तर ते बिल मीटर बघून केलेलं नाही, सरासरीने केलेलं आहे. गेटला कुलूप, अंगणात छातीएवढं रान, पडवीला जाळी लावून बंद. रीडिंग घेणारा आत जाणार कसा? तो लॉक्ड लिहितो आणि पुढे निघतो. कायद्यानेही असं अंदाजे बिल देता येतं. पण नंतर खरं रीडिंग मिळालं की आधी भरलेली सरासरीची रक्कम वळती करून द्यावी लागते.

इथे एक हिशोब नीट समजून घ्या, कारण पैसे जातात ते इथेच. घरगुती विजेचा दर वापराच्या टप्प्यांनी, म्हणजे स्लॅबने, चढत जातो: महिन्याला १०० युनिटांपर्यंत सगळ्यात कमी, मग १०१ ते ३००, मग ३०१ ते ५००, आणि त्यावर आणखी जास्त. समजा तीन महिने रीडिंग झालं नाही आणि चौथ्या महिन्यात माणूस आला तेव्हा ४०० युनिटं निघाली. चार महिन्यांत वाटली तर महिन्याला १००, म्हणजे सगळीच्या सगळी पहिल्या टप्प्यात. तीच ४०० एका महिन्याची धरली तर १०० पहिल्या टप्प्यात, २०० दुसऱ्यात आणि उरलेली १०० तिसऱ्यात. वीज तेवढीच, बिल मात्र कुठल्याकुठे. म्हणून असं साठलेलं बिल आलं की दोन गोष्टी शोधायच्या: युनिटं किती महिन्यांत वाटली आहेत, आणि आधीच्या सरासरी बिलांची रक्कम समायोजित रक्कम म्हणून वजा झाली आहे का. नसेल तर तक्रारीत नेमकं हेच लिहा: "अमुक महिन्यापासून अमुक महिन्यापर्यंतचा वापर महिनावार विभागून स्लॅबचा फायदा द्यावा व सरासरी देयकाची रक्कम वजा करावी." हे वाक्य कामाला येतं.

हे पुन्हा पुन्हा होऊ नये म्हणून उपाय साधा आहे. मीटर शक्यतो बाहेरच्या भिंतीवर, कुलुपाच्या अलीकडे आणून घ्यायचं. त्यासाठी शाखा कार्यालयात अर्ज करावा लागतो, आपणच वायरमनकडून हलवून घ्यायचं नाही. ते जमत नसेल तर शेजाऱ्याकडून महिन्याच्या महिन्याला मीटरचा फोटो मागवा आणि महावितरणच्या ॲपवरून रीडिंग स्वतः पाठवा. त्यासाठी बिलाच्या खात्याला चालू मोबाइल नंबर जोडलेला हवा. आमच्याकडे कितीतरी कनेक्शनं अजून आजोबांच्या नावावर आहेत आणि नंबर कुणाचाच नाही. मुंबईत राहणाऱ्याने आधी हे एक काम उरकावं. वारसाची कागदपत्रं गोळा करून नावही बदलून घ्यावं, कारण तक्रार करायची वेळ येते तेव्हा पहिला प्रश्न "ग्राहक कोण?" हाच असतो.

रीडिंग बरोबर निघालं तर

मग वीज खरंच गेली आहे. कुठे गेली ते शोधायचं. बंद घरात चालू राहिलेला इन्व्हर्टर हा पहिला संशयित, रिकामा पण चालू असलेला फ्रीज दुसरा. तिसरा मात्र दिसत नाही, आणि आपल्या खाऱ्या, दमट हवेत तो फार सापडतो: वायरिंगमधून होणारी गळती.

मागच्या पावसाळ्यानंतर चुलत दिरांच्या बंद घराचं बिल असंच चढलेलं आलं. भाऊजी फोनवर म्हणाले, "वहिनी, घरात एक बल्बसुद्धा चालू नाही." आतली सगळी बटणं बंद केली. मेन स्विच मात्र चालू ठेवला. मीटरवरचा लाल दिवा तरीही लुकलुकत होता. दिव्याच्या बाजूला एका युनिटला किती वेळा लुकलुकतो ते छापलेलं असतं, त्यांच्या मीटरवर ३२०० होतं. घड्याळ लावून बघितलं तर साधारण दर ११ सेकंदांनी एकदा. म्हणजे तासाला ०.१ युनिट, दिवसाला अडीचच्या आसपास, महिन्याला सत्तरेक. एकही दिवा न लावता.

मग वायरमनला बोलावलं. त्याने बोर्डावरचे एमसीबी, म्हणजे प्रत्येक लाइनचे वेगळे सुरक्षा स्विच, एकेक करून खाली पाडले. विहिरीच्या पंपाचा पाडला आणि दिवा थांबला. पंपाची केबल परसातून माडांच्या बुंध्यांना बांधत विहिरीपर्यंत गेलेली, आणि मधला जोड सुकलेल्या झावळ्यांच्या ढिगाखाली. झावळ्या बाजूला केल्या तर टेप कुजून सुटलेली, तांब्याच्या तारेवर हिरवा गंज आणि खाली माती कायमची ओली. वीज तिथून जमिनीत जात होती. पैशाचं सोडा, त्या ओल्या मातीत कुणी अनवाणी उभं राहिलं असतं तर काय झालं असतं, या विचाराने आजही अंगावर काटा येतो. म्हणून हे तपासणं फक्त बिलासाठी नाही. एमसीबी पाडून बघणं घरच्या माणसाने करायला हरकत नाही, पण वायर उघडायचं काम वायरमनचंच. आणि बोर्डात ३० मिलीॲम्पियरचा आरसीसीबी बसवून घ्या, अशी गळती झाली की तो आपोआप पडतो.

जुन्या एकत्र घरांत आणखी एक भानगड असते. दोन बिऱ्हाडांची न्यूट्रल वायर आत कुठेतरी एकमेकींना जोडलेली असते. हल्लीची मीटरं फेज आणि न्यूट्रल दोन्हींतला करंट मोजतात आणि जो जास्त असेल तो धरतात. त्यामुळे शेजारच्याचा न्यूट्रल तुमच्या मीटरमधून परतत असेल तर त्याच्या मिक्सरचा भार तुमच्या बिलावर येतो. बऱ्याच मीटरवर इंग्रजीत 'अर्थ' (EARTH) असं लिहिलेला छोटा दिवा किंवा पडद्यावर तशी खूण असते. ती सतत पेटलेली दिसली तर वायरिंग तपासून घ्या, मीटरला दोष देऊ नका.

गळती नाही, रीडिंग बरोबर आहे, तरी मीटरच जास्त पळतंय असं वाटत असेल तर ठरलेलं शुल्क भरून मीटरची चाचणी मागता येते. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

युनिटं बरोबर, रक्कम जास्त

घर बंद असलं तरी स्थिर आकार लागतोच, त्यामुळे शून्य युनिटांचं बिल शून्य रुपयांचं नसतं. त्यावर वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि घरगुती ग्राहकाला १६ टक्के वीज शुल्क. इंधन समायोजन दर महिन्याला वरखाली होतं, म्हणून तेवढ्याच युनिटांचं बिल मागच्या महिन्यापेक्षा वेगळं येऊ शकतं. यात भांडण्यासारखं काही नसतं.

थकबाकीचा रकाना मात्र जरूर बघा. बिलावर मागच्या पावतीची तारीख आणि रक्कम छापलेली असते. तुम्ही भरलेली रक्कम तिथे नसेल तर एक तर ती बिल छापून झाल्यावर जमा झाली, किंवा दुसऱ्याच्या खात्यावर गेली. वाडीत सगळ्यांचं आडनाव एक, आजोबांची नावंही सारखीच. म्हणून ॲपवर भरताना नाव बघून समाधान मानू नका, बारा आकडी ग्राहक क्रमांक शेवटच्या आकड्यापर्यंत जुळवा. रेंज गेली आणि पैसे कापले पण पावती आली नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. बँकेच्या खात्यात काय दिसतंय ते बघा आणि एक-दोन दिवस थांबा. गावाला वडील आणि मुंबईला मुलगा, दोघांनी भरलं असंही होतं. ते पैसे बुडत नाहीत, पुढच्या बिलात उणे रक्कम म्हणून दिसतात. पण बिल भरायचं कुणी, हे घरात एकदा ठरवून टाकावं.

वर्षातून एकदा वेगळ्या कागदावर अतिरिक्त सुरक्षा ठेवीची मागणी येते. लोकांना वाटतं एकाच महिन्याची दोन बिलं आली. महिन्याला बिल येणाऱ्या ग्राहकाची ठेव साधारण दोन महिन्यांच्या सरासरी बिलाएवढी असावी लागते, वापर वाढला की फरक मागतात. ही ठेव आपलीच असते आणि तिच्यावरचं व्याज बिलात जमा होतं. ते जमा झालंय का, एवढं बघा.

आणि "आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल, या नंबरवर फोन करा" असा मेसेज कुणाच्या साध्या मोबाइल नंबरवरून आला तर तो सरळ पुसून टाका. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडायच्या आधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. आई-वडील गावाला एकटे असतील तर त्यांना हे आधीच सांगून ठेवा. घाबरून लिंक दाबणारे तेच असतात.

तक्रार कशी करायची

आधी १९१२ किंवा १८००-२३३-३४३५ वर फोन करून तक्रार क्रमांक घ्या. मग शाखा किंवा उपविभाग कार्यालयात लेखी अर्ज, सोबत मीटरचा फोटो आणि मागची दोन बिलं. तिथे आपल्या खात्याचा सीपीएल (ग्राहकाच्या खात्याचा उतारा) मागा. त्यात महिनावार रीडिंग, स्थिती, युनिटं, भरणा सगळं एका ओळीत दिसतं. सरासरी कधी सुरू झाली आणि वजावट झाली की नाही ते सीपीएल बघितल्यावर पाच मिनिटांत कळतं.

निकाल लागेपर्यंत वीज तुटायची भीती असेल तर कलम ५६ मध्येच सोय आहे: मागितलेली रक्कम किंवा आधीच्या सहा महिन्यांच्या सरासरीने होणारी रक्कम, यातली कमी असेल ती हरकत नोंदवून भरायची. "हरकतीसह भरणा" असं अर्जात स्पष्ट लिहा. जुनी, कधीच न दाखवलेली बाकी अचानक काढली असेल तर त्याच कलमातलं दुसरं पोटकलम दाखवा. देय झाल्यापासून दोन वर्षं उलटली आणि मधल्या बिलांत ती सतत थकबाकी म्हणून दाखवलेली नसेल, तर ती वसूल करता येत नाही. तरीही काम झालं नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच, कोकण परिमंडळाचा मंच रत्नागिरीला आहे, आणि त्यावर विद्युत लोकपाल. वकील लागत नाही. कागद मात्र लागतात.

धंद्याच्या बिलांबद्दल थोडं

खोल्या भाड्याने देणाऱ्यांनी बिलावरचा दर वर्ग आधी बघावा. घरगुती कनेक्शनवर धंदा चालवला आणि तपासणी झाली तर वीज कायद्याचं कलम १२६ लागू शकतं आणि त्या वापराची आकारणी दुप्पट दराने होते. आपला व्यवसाय कोणत्या वर्गात बसतो ते उपविभागाकडून लेखी घेऊन ठेवा, तोंडी "चालतं हो" वर राहू नका.

सिलिंडरचं बिल डिलिव्हरीच्या तारखेशी जुळवा. १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरचा दर बहुतेक वेळा १ तारखेला बदलतो, आणि महिनाअखेर आलेला माल नव्या दराने लावलेला सापडतो. सिलिंडर उतरवून घेताना काट्यावर ठेवा. रिकाम्याचं वजन त्याच्यावरच लिहिलेलं असतं, ते वजा करून १९ राहिले पाहिजेत.

किराणा, मासळी आणि बर्फ यांचं बिल कधीच एकट्या बिलावरून भरू नये. माल येतो तेव्हा आवक वहीत वजन आणि दर लिहायचा, आणणाऱ्याची सही घ्यायची. बर्फ लाद्यांवर मोजला जातो, तुटकी लादी आली तर तिथेच तसं लिहायचं. आठवड्याचं बिल आलं की वही शेजारी ठेवून एकेक ओळ टिकमार्क करायची. जीएसटी लावलेला असेल तर १५ अक्षरांचा जीएसटी क्रमांक बघा, महाराष्ट्रातल्या दुकानदाराचा २७ ने सुरू होतो. कंपोझिशन योजनेतल्या (उलाढालीवर ठरावीक दराने कर भरणाऱ्या छोट्या) दुकानदाराला ग्राहकाकडून कर घेताच येत नाही, त्याच्या बिलावर कराची ओळ असेल तर ती काढून मागा.

ग्रामपंचायतीच्या घरपट्टी-पाणीपट्टीची पावती नमुना १० वर मिळते, आणि तिच्यावर मागील आणि चालू असे दोन वेगळे रकाने असतात. पैसे देताना दोन्ही आकडे पावतीवर लिहून घ्या, आणि पावती मुंबईला घेऊन जाऊ नका. फोटो सोबत न्या, मूळ कागद बिलांच्या त्याच फाइलमध्ये इथे गावातच राहू द्या, म्हणजे पुढच्या वेळी मागील बाकी निघाली तर घर सांभाळणाऱ्याला ती दाखवता येईल.